मुंबईस उतरावे कोठे?

परप्रांती नोकरीस असलेल्या मराठी माणसाला आपल्याच मुलखात परत येताना एक विलक्षण अडचण भेडसावते. जबलपूर, रायपूर, भुवनेश्वर अथवा दूर आसामात, जेथे तो नोकरीस असतो तेथे दौऱ्यावर निघाला की रात्र कोठे काढावयाची ह्याची त्याला चिंता नसते. डाक बंगला असतो, सर्किट हाऊस असते. काही नसले तर एखाद्या खात्याचा दोन खोल्यांचा विश्रामबंगला तरी असतोच. खानसामा उठून उभा राहतो, कंदील लागतो, पाणी तापते. तोच गृहस्थ रजा घेऊन मुलांबाळांसह मुंबईच्या स्थानकावर उतरला की हमालाने सामान डोक्यावर घेऊन विचारलेल्या 'साहेब, कुठे?' ह्या प्रश्नाला त्याच्यापाशी चटकन उत्तर नसते. आतेभावाची एक खोली. तिच्यात आधीच सहा माणसे. हॉटेलाचे दर ऐकले की पगाराची आठवण होते. हे शहर राहणाऱ्याला महाग आहेच, पण चार दिवसांसाठी येणाऱ्याला त्याहूनही महाग आहे.

ही अडचण आजची नाही. मुंबईला परगावच्या माणसाची गरज जितकी जुनी, तितकीच त्याच्या मुक्कामाची पंचाईतही जुनी. ह्या पंचाइतीतून शहराने ज्या वाटा काढल्या त्यांचा इतिहास लिहिण्याचे कोणी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. बंदराचा इतिहास आहे, गिरण्यांचा आहे, हवेल्यांचा आणि पुतळ्यांचा तर आहेच. पण चटई, खाट आणि भाड्याची तांब्याभांडी ह्यांचा इतिहास इकडेतिकडे विखुरलेला आहे. तो थोडा गोळा करून पाहण्यासारखा आहे.

आरंभ अर्थात देवापासून. वाळकेश्वराचे देऊळ रामा कामत ह्या धनिकाने १७१५ साली नव्याने बांधविले आणि बाणगंगेच्या काठी यात्रेकरूंचा राबता वाढला. तळ्याच्या कडेने देवळे आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. आजही तेथे पायऱ्यांवर उभे राहिले म्हणजे त्या वेळच्या मुक्कामाची कल्पना येते : तळ्यात स्नान, देवळात दर्शन, ओसरीवर तीन दगडांची चूल. ह्या मुक्कामाला भाडे नव्हते, परंतु ओळख लागे. कोणत्या गावचे, कोणत्या ज्ञातीचे, कोणत्या मठाचे शिष्य, ह्या प्रश्नांची उत्तरे देता आली म्हणजे ओसरी मिळे. ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी, कारण पुढल्या दोनशे वर्षांत मुंबईत जे जे स्वस्त मुक्काम निघाले त्यांतील बहुतेकांच्या दारावर हेच प्रश्न उभे होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. दहा वर्षांत बोरघाट उलगडला आणि देशावरचा माणूस एका दिवसात मुंबईत येऊन पडू लागला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाला सोन्याचा भाव आला. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली निघाले ते ह्याच भरभराटीच्या ऐन मध्यावर. व्यापारी आले, दलाल आले, कारकून आले, हमाल आले. तेजी बुडाली तेव्हा पुष्कळजण धुळीस मिळाले, पण ज्यांचा पैसा टिकला त्यांनी तो देवळांत आणि धर्मशाळांत घातला. भुलेश्वर, काळबादेवी, सी. पी. टँक ह्या टापूत ज्या 'बागा' आहेत त्यांचा जन्म ह्या पैशातला. नावात बाग असली तरी फुले शोधू नयेत. मूळ वाडीबागेची जागा एवढाच त्याचा अर्थ. वरजीवनदास आणि नरोत्तमदास ह्या बंधूंनी आपले वडील माधवदास ह्यांच्या स्मरणार्थ माधवबाग उभारली. पुढे, विसाव्या शतकाच्या आरंभी, माणिकचंद हिराचंद ह्या जैन जवाहिऱ्यांनी हिराबाग बांधली, तीही वडिलांच्याच नावाने. बाजाराला लागून असलेल्या ह्या धर्मशाळा केवळ पुण्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. माल घ्यावयास आलेला परगावचा व्यापारी पेढीपासून शंभर पावलांवर उतरला तर पेढीचेही कल्याण होतेच. धर्म आणि व्यवहार ह्यांची अशी गाठ घालण्यात गुजराती समाजाचा हात कोणी धरणार नाही.

धर्मशाळेचा रिवाज सर्वत्र साधारण एकच. तीन दिवस राहावे, चौथ्या दिवशी व्यवस्थापकाच्या कपाळावर आठी दिसू लागते. अंथरूण आपले आणावे. भांडी मागितली तर मोजून मिळत व मोजून परत घेत. कांदालसूण पाहिजे असणाऱ्याने दुसरीकडे जावे. आणि पहिल्या पानावर नोंद : नाव, गाव, जात.

समुद्रमार्गे जाणाऱ्यांचीही अशीच सोय लावावी लागे. हिंदुस्थानातून मक्केस जाणाऱ्या यात्रेकरूंचे मुंबई हे मोठे बंदर. दूर बिहारातून, बंगालातून निघालेला वृद्ध शेतकरी जहाज सुटेपर्यंत कित्येक दिवस ह्या शहरात अडकून पडे, आणि आयुष्याची पुंजी कमरेला बांधलेल्या अशा माणसाला लुबाडणारे धक्क्यावर टपलेले असत. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना ह्या माणसांसाठी निघाला. समुद्रमार्गाची यात्रा १९९५ साली बंद पडली. त्या रस्त्याला मात्र लोक अजून मुसाफिरखान्याच्याच नावाने ओळखतात.

ह्या सर्व वाटांत मला सर्वांत नवलाची वाटते ती गोवेकरांची. धोबीतलाव, काव्हेल, माझगाव ह्या भागांत त्यांचे 'कूड' पसरलेले होते. इंग्रजीत त्यांना क्लब म्हणत, पण क्लब ह्या शब्दाने डोळ्यांपुढे येणारे काहीही तेथे नव्हते. गोव्यातील एकेका गावाने मुंबईत एक मोठी खोली किंवा मजला भाड्याने घ्यावा, गावच्या पुरुषाला तेथे उतरण्याचा हक्क असावा, वर्गणी अगदी नाममात्र. भिंतीला लागून ओळीने पेट्या. ज्याची पेटी तेथे, त्याचे घर तेथे. रात्री पेट्यांपुढे चटया पसरावयाच्या आणि सकाळी गुंडाळावयाच्या. समोरच्या भिंतीवर गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळ. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार ह्यांची रीतसर निवडणूक. गावच्या फेस्ताच्या दिवशी मुंबईतही फेस्त. बायकांना आत राहावयास मज्जाव.

येथे उतरणारे बहुतेक तारवटी, म्हणजे आगबोटींवरचे खलाशी, आचारी, कारभारी. एक बोट सुटली आणि दुसरी मिळावयाची आहे, अशा मधल्या काळात त्यांना डोके टेकावयाला जागा हवी असे. हा काळ कधी आठवड्याचा, कधी वर्षाचा. हॉटेलात ह्याचा हिशेब बसला नसता. कुडात बेकार माणसाची वर्गणी थकली तरी त्याला बाहेर काढीत नसत. नोकरी लागली की तो फेडील हे गावाला ठाऊक असे आणि गावाने पाहिले आहे हे त्याला ठाऊक असे. बँडवाले, बबर्ची, शिंपी, विद्यार्थी असे दुसरेही गोवेकर येथेच उतरत. पोर्तुगीज अमदानीतील एका लहानशा मुलखाने परक्या राज्यातील एका महागड्या शहरात, सरकारचा एक पैसाही न घेता, अशी शेकडो घरे चालविली. धोबीतलावावरच्या जेर महालात अशा कितीतरी गावांचे कूड एकमेकांना लागून होते. बोटींची भरती कमी झाली, गोव्यात पैसा आला, कूड ओस पडू लागले. तरी काही अजून तग धरून आहेत.

गिरणगावात आमच्या कोकणी आणि घाटी मंडळींनी जवळजवळ हेच केले, फक्त त्याला संतांची वेदी आणि लेखी घटना नव्हती. गावच्या वीसपंचवीस जणांनी चाळीत एक खोली घ्यावी. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रातपाळीचा येऊन त्याच वळकटीवर निजे. वळकटी कधी थंड होत नसे. सामान खुंटीवर, जेवण शेजारच्या बाईच्या खानावळीत. ह्या खानावळवाल्या बाया म्हणजे गिरणगावचा खरा आधार. बहुतेक गिरणी कामगारांच्याच बायका किंवा विधवा. महिन्याच्या उधारीवर दहापंधरा पुरुषांना दोन वेळा जेवू घालीत आणि स्वतः वाण्याच्या व सावकाराच्या देण्यात बुडालेल्या असत. त्यांची संघटना व्हावयास १९७५ साल उजाडावे लागले. प्रेमाताई पुरव ह्यांनी त्या वर्षी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गावाहून कोणी औषधपाण्यासाठी, कोर्टकचेरीसाठी, पोराच्या नोकरीसाठी आला की तो सरळ 'गावच्या खोलीवर' जाई. भाडे कोणी विचारीत नसे. गावी परत जाताना त्याने चाकरमान्यांचे निरोप आणि पैसे घेऊन जावे, इतकीच अपेक्षा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर ह्या खोल्यांचीही रया गेली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात पुढे पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. ज्या गल्लीत एका वळकटीवर दोन माणसे पाळीपाळीने निजली, तिच्या बाजूला एका माणसासाठी चार उशा ठेवलेल्या असतात.

पैसेवाल्यांच्या मुक्कामाचा इतिहास सर्वांना पाठ आहे, म्हणून त्यात फार रेंगाळत नाही. वॉटसनचे हॉटेल १८७१ च्या सुमारास सुरू झाले. त्याचा लोखंडी सांगाडा विलायतेतून आणून येथे जोडला होता. मार्क ट्वेन १८९६ साली तेथेच उतरला, आणि त्याच वर्षी ७ जुलैला चलच्चित्रांचा पहिला खेळ तेथेच झाला. जमशेटजी टाटांना ह्या हॉटेलाने दारातून परत पाठविले म्हणून त्यांनी १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिला सबळ पुरावा नाही. पण ती इतकी लोकप्रिय का, हे विचार करण्यासारखे आहे : दारातून परत फिरण्याचा अनुभव ह्या देशात फार जणांना होता, आणि परत फिरलेल्याने स्वतःच त्याहून मोठे दार उभारावे ही कल्पना सर्वांनाच सुखावणारी होती. ताजच्या मागच्याच रस्त्यावर मुक्तिफौजेचे 'रेड शील्ड' अतिथिगृह आहे. एका खोलीत अनेक खाटा आणि सकाळी पाव-चहा; कमी पैशांत जगभर भटकणाऱ्या पाश्चात्त्य तरुणांच्या कित्येक पिढ्यांनी मुंबईतील पहिली रात्र येथे काढली आहे. एकाच समुद्राचा वारा दोन्ही इमारतींना लागतो.

ह्या दोन टोकांच्या मधे मराठी मध्यमवर्गाने आपली सोय केली ती लॉजिंग-बोर्डिंगात. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह त्यांत अग्रगण्य. लोकमान्य टिळक मुंबईस आले की तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटलेली असताना, ते तेथेच गेले. ह्या गोष्टीचा मला नेहमी अचंबा वाटतो. ज्याच्या अंत्ययात्रेला सारी मुंबई लोटली, त्याने प्राण सोडले ते एका उतारगृहाच्या भाड्याच्या खोलीत. पुण्याचा तो सर्वश्रेष्ठ नागरिक मुंबईत शेवटपर्यंत पाहुणाच होता. त्याच दिवशी पावसात दर्शनासाठी लोटलेल्या समुदायाला अंत्यदर्शन घडविले ते त्याच इमारतीच्या सज्ज्यातून.

बोर्डिंग ह्या शब्दाची मुंबईत पुढे मौजच झाली. माटुंग्याचे १९४२ सालचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग प्रसिद्ध आहे. पण पाटी वाचून कोणी वळकटी घेऊन आत शिरेल तर फसेल. तेथे पान वाढले जाते, खाट मिळत नाही.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावयास घेतला तिकडे वळतो. ह्या साऱ्या वाटांचे एक लक्षण समान आहे. स्वस्त मुक्काम स्वस्त असे, कारण त्यात पैशाच्या जागी ओळख चालत असे. गावाची ओळख, ज्ञातीची ओळख, पंथाची ओळख. ओळखीचे हे नाणे ज्याच्यापाशी नव्हते त्याचे काय?

ह्याचा सर्वांत विदारक दाखला मुंबईतला नाही, बडोद्याचा आहे. आणि तो आपल्यासारख्याच एका परमुलखी नेमणूक झालेल्या मराठी अधिकाऱ्याचा आहे. १९१७ च्या सप्टेंबरात डॉ. भीमराव आंबेडकर बडोदे सरकारच्या सेवेत रुजू होण्यासाठी त्या शहरात उतरले. कोलंबिया विद्यापीठातील अध्ययन झालेले, महाराजांची शिष्यवृत्ती घेतलेले, महालेखापालाच्या कचेरीत नेमणूक झालेले. स्थानकावर उतरताच त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो हमालाचाच : कोठे? हिंदूंच्या हॉटेलात जात लपविल्याशिवाय प्रवेश नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते पारशांच्या एका उतारगृहात गेले. रखवालदाराने प्रथम त्यांना पारशी समजून वर नेले. त्यांनी कपडे काढले तेव्हा अंगात सदरा व कस्ती नाही हे पाहून तो चपापला. परंतु उतारू कोणीच नव्हते, त्यालाही दोन पैसे हवे होते. तोड अशी निघाली की नोंदवहीत एक पारशी नाव लिहावे आणि दिवसाला दीड रुपया द्यावा, राहणे-जेवणे त्यातच.

पुढचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या लहानशा आत्मपर टिपणात, जे त्यांच्या पश्चात १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले, ही हकीकत आहे. वरच्या मजल्यावर दुसरा मनुष्य नाही, दिवाणखान्यात मोडके सामान, विजेचा दिवा नाही. रात्री एका लहान कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचीत एकटेपण विसरावयाचे. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीस निघताना जिन्यावर पावले वाजली. लाठ्या घेतलेले दहाबारा पारशी वर आले आणि त्यांनी जाब विचारला. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची तंबी देऊन ते गेले. आंबेडकरांनी त्या दिवशी दोन मित्रांपाशी आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. पहिल्याने नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली. दुसऱ्याला पत्नीचा विचार घ्यावयाचा होता. शेवटी कमाठी बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. बडोद्यातली नोकरी तेथे संपली. ती कोणी काढून घेतली नव्हती. रात्री पाठ टेकावयास जागा मिळाली नाही म्हणून गेली.

बदलीच्या हुकुमासोबत निवासस्थानाचा हुकूम मिळण्याची सवय झालेल्या आपणांस ह्या हकीकतीतील वेदना किती पोचेल कोण जाणे. मला त्यातील एक बारकावा विशेष बोचतो. रखवालदार दुष्ट नव्हता, मित्रही दुष्ट नव्हते. प्रत्येकापाशी काही ना काही सबब होती, आणि त्या सबबींची बेरीज म्हणजे कमाठी बागेतले ते बाक.

सहा वर्षांनी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादुर सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा त्याचा आशय. महाडच्या चवदार तळ्याचा संग्राम ह्याच ठरावातून निघाला, त्यामुळे त्यातील पाण्याचा भाग सर्वांना आठवतो. धर्मशाळा हा शब्द मात्र विस्मरणात गेला आहे. ठराव सार्वजनिक पैशाच्या इमारतींपुरता होता. शेटजींनी वडिलांच्या नावाने बांधलेल्या धर्मशाळेला त्याचा स्पर्श नव्हता. तो व्हावयास राज्यघटना यावी लागली. पंधराव्या अनुच्छेदाने हॉटेले व उपाहारगृहे खुली केली, आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना ह्यांची नावे घेऊन बंदी घातली. एवढेच नव्हे, तर तेथे ठेवलेल्या भांड्यांच्या वापराचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याची भाषा रुक्ष असते असे म्हणतात. परंतु ज्याने तो शब्द मसुद्यात घातला त्याला धर्मशाळेतील मोजून दिल्या जाणाऱ्या भांड्यांची गोष्ट पक्की ठाऊक असली पाहिजे.

ह्याच सुमाराला आणखी एक कायदा मुंबईत लागू होता, ज्याचे पूर्ण नाव फार थोड्यांनी वाचले असेल. आपण ज्याला भाडे नियंत्रण कायदा म्हणतो तो १९४७ चा अधिनियम केवळ भाड्याचा नव्हता. भाडी, हॉटेले आणि लॉजिंग हाऊस ह्यांच्या दरांचे नियंत्रण असे त्याचे शीर्षक होते. युद्धकाळात, १९४४ साली, मुंबई सैनिकांनी आणि पुरवठा खात्यांच्या माणसांनी भरून गेली तेव्हा असाच एक कायदा झाला होता. उतारूकडून वाजवीपेक्षा अधिक घेऊ नये, वाजवी किती ते सरकारी नियंत्रकाने ठरवावे, ही ह्यामागील कल्पना. उद्देश उत्तम. परिणाम असा की भाडी गोठली, पागडी वाढली, नवी भाड्याची घरे बांधणे कोणाला परवडेना आणि जुन्या खोल्यांत माणसे दाटत गेली. पाहुण्याला सज्ज्यात निजविणाऱ्या आपल्या मुंबईकर नातेवाइकांना आपण मनातल्या मनात कितीदा नावे ठेविली असतील. पण त्या सज्ज्याच्या अरुंदपणाला कायद्याचे एक कलमही काही अंशी जबाबदार होते. १९९९ च्या नव्या अधिनियमाने ह्या कायद्याची जागा घेतली.

कायद्याने दार उघडते, पण आत खाट असावी लागते. ती घालण्याचे काम ज्याने केले तो मनुष्य स्वतः कधी खाटेवर निजला नाही. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा (१८७६-१९५६), ह्यांनी कीर्तनांतून जमलेल्या वर्गणीतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बत्तीस वर्षांपूर्वी बडोद्यात ज्याला एक खोली मिळाली नाही त्याच्या संस्थेकडे एक सबंध धर्मशाळा आली. असा हिशेब गाडगेबाबांनी मांडला असेल असे नाही. ते असले हिशेब बोलून दाखविणारे नव्हते.

मुंबईत त्यांची दृष्टी गेली ती तीर्थयात्रेकडे नव्हे, इस्पितळाकडे. जे. जे. रुग्णालयात खेड्यातील माणूस उपचारासाठी येतो. रोग्याला आत खाट मिळते, त्याच्या बायकोने अथवा भावाने मात्र रस्त्यावर बसावयाचे. ह्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा हवी, हे बाबांनी ओळखले आणि ती जे. जे. जवळ उभी राहिली. जुन्या धर्मशाळा यात्रेकरू आणि व्यापारी ह्यांना डोळ्यांपुढे ठेवून बांधल्या होत्या. आजाऱ्याच्या सोबत्याचा विचार करून बांधलेली धर्मशाळा ही वेगळीच वस्तू होती, कारण तिच्यात तीन दिवसांचा नियम चालत नाही. रोग तीन दिवसांत बरा होत नसतो.

परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. कर्करोगाच्या उपचारासाठी तेथे साऱ्या हिंदुस्थानातून माणसे येतात. आसाम, ओरिसा, बिहार, उत्तर प्रदेश, म्हणजे ज्या ज्या प्रांतांत आपण नोकरीनिमित्त विखुरलेले आहोत तेथून. आपल्या कचेरीतील शिपायाच्या घरीही अशी एखादी व्यक्ती असू शकेल. उपचार महिनोन्‌महिने चालतो, औषधासाठी दर काही दिवसांनी हजेरी लागते, गावी जाऊन येणे शक्य नसते. रुग्णालयाभोवतालच्या पदपथांवर प्लॅस्टिकचे कापड ताणून, क्ष-किरण चित्रांची पाकिटे उशाशी घेऊन बसलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अधिक सांगावयास नको. ही माणसे मुंबई पाहावयास आलेली नसतात. परंतु शहराचा दर त्यांनाही तोच लागतो, जो चौपाटीवर भेळ खावयास आलेल्या प्रवाशाला लागतो.

अलीकडे मुक्कामाच्या नव्या तऱ्हाही निघाल्या आहेत. मुंबई सेंट्रल स्थानकात २०२१ च्या नोव्हेंबरात अठ्ठेचाळीस 'पॉड' सुरू झाले : माणसाने आडवे शिरावे आणि उजेड मालवून झोपावे अशा कप्प्यांची खोली, आरंभी दर बारा तासांना ९९९ रुपये. चटईइतक्याच जागेत माणूस निजविण्याची कला कुडाने आणि गिरणगावाने शतकापूर्वीच साधली होती. येथे फक्त पेट्यांची ओळ आणि जपमाळ नाही, आणि शेजारी कोण निजला आहे हे कळत नाही. नाव, गाव, जात कोणी विचारीत नाही, हीही गोष्ट खरी. ओळखपत्र दाखविले आणि पैसे भरले की झाले. ज्याला एक रात्र काढावयाची आहे त्याला ही सोय चांगली आहे. ज्याला चार महिने काढावयाचे आहेत त्याने बारा तासांच्या दराने गुणाकार करून पाहावा.

दादरला गाडगे महाराजांच्या नावाने जी धर्मशाळा आहे तेथे असे चार महिने काढणारी माणसे राहतात. परळचे रुग्णालय तेथून जवळ. जागेसाठी तेथे गावची ओळख लागत नाही, ज्ञातीचे नाव लागत नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी आणि रोग्याच्या फायलीचा क्रमांक लागतो. मागणारे पुष्कळ, खोल्या मोजक्या. त्यामुळे चिठ्ठी मिळूनही वाट पाहावी लागते, आणि ती वाट बहुधा पदपथावरच पाहावी लागते. आत जागा मिळालेल्या बाया सकाळी स्वयंपाक करून डबा रुग्णालयात घेऊन जातात. एक छत्तीसगढी बोलते, दुसरी भोजपुरी, तिसरी वऱ्हाडी, आणि मीठ संपले की परस्परांकडून मागून घेतात.